न पाहिलेल्या रोग्यासाठीं

नागपूरच्या एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. घर एकत्र, लहानथोर मिळून अकरा माणसें. कॅन्सरच्या संशोधनासाठीं निघणाऱ्या एका दौडींत साऱ्या घरानें भाग घ्यावा, असा त्यांच्या थोरल्या मुलानें हट्ट धरला आहे. धाकटीं मुलें आनंदानें तयार झालीं, जावा मनांतून तयार आहेत. परंतु सासरेबुवांचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, धांवल्यानें कोणाचा रोग बरा झाल्याचें त्यांनीं ऐकलेलें नाहीं. दुसरा असा कीं, द्यावयाचे असतील ते पैसे एखाद्या गरीब रोग्याच्या हातीं द्यावे, म्हणजे ते कोठें गेले एवढें तरी कळतें. पत्राच्या शेवटीं या भगिनी लिहितात, "मामंजींचें म्हणणें मला खोटें वाटत नाहीं, आणि मुलाचेंही वाटत नाहीं. आपलें मत काय?"

दोन्ही आक्षेप विचारी माणसाचे आहेत. ते हंसण्यावारीं नेतां येणार नाहींत. त्यांतला दुसरा मला अधिक वजनदार वाटतो, म्हणून तोच आधीं घेतें. आपल्या घरांना दान नवें नाहीं. आमच्या आजेसासूबाईंच्या घरीं वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. त्यांतला कोणी पुढें मामलेदार झाला, कोणी मास्तर झाला, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन नमस्कारास आला, म्हणजे त्या दिवशीं घराला दिवाळी वाटे. आज वारांचे विद्यार्थी राहिले नाहींत. तथापि कोणाची फी, कोणाचें ऑपरेशन, कोणाच्या मुलीचें लग्न, या रूपानें तीच रीत चालू आहे. या साऱ्यांत देणाऱ्याला घेणारा दिसतो. संशोधनाला दिलेल्या पैशाचे पेढे घेऊन मात्र कोणी येत नाहीं. ज्याच्या उपयोगीं तो पैसा पडावयाचा, तो रोगी कदाचित् अजून जन्मलाही नसेल. आपल्या दानबुद्धीला अशा रोग्याची संवय नाहीं, हीच खरी अडचण आहे. ज्यांच्यामुळें या दौडी देशोदेशीं पोंचल्या त्यांत ज्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें, त्या मुलाला या अडचणीचें उत्तर स्वतःच्याच आजारांत सांपडलें होतें.

टेरी फॉक्स हा कॅनडाचा. १९५८ सालीं विनिपेग येथें जन्मला. वाढला तो पश्चिमेकडील पोर्ट कोक्विटलम या गांवीं. उंची बेताची, तरी बास्केटबॉलचें विलक्षण वेड. १९७७ च्या आरंभीं त्याचा उजवा गुडघा असह्य दुखूं लागला. त्या आधींचें दुखणें त्यानें खेळांतली दुखापत समजून अंगावर काढलें होतें. निदान झालें तें हाडाच्या कॅन्सरचें, आणि मार्च महिन्यांत गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. वय वर्षें १८. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या शाळेंतल्या बास्केटबॉलच्या शिक्षकांनीं त्याला एक मासिक वाचावयास आणून दिलें. त्यांत एक पाय गमावूनही १९७६ सालीं न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्रॉम यांची हकीकत होती. बीज पडलें तें तेथें.

पुढें १६ महिने औषधें चाललीं. त्या काळांत त्यानें आपल्या आजूबाजूला जें पाहिलें, तें त्याला आयुष्यभर पुरलें. त्यांत त्याच्याहून लहान मुलेंही होतीं. परंतु माझ्या मनांत घर करून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट. डॉक्टरांनीं टेरीला सांगितलें कीं, जगण्याची आशा शंभरांत पन्नास. आणि हाच रोग दोन वर्षें आधीं झाला असता, तर ती शंभरांत पंधराच राहिली असती. मधल्या दोन वर्षांत नवीं औषधें हातीं आलीं होतीं. म्हणजे कोणी तरी, कोठें तरी, ज्यांनीं टेरीला कधीं पाहिलें नव्हतें अशा माणसांनीं पैसा दिला, दुसऱ्या कोणी प्रयोगशाळेंत रात्री जागविल्या, आणि त्या पस्तिसांचा वांटा या मुलाच्या पदरांत पडला. हें त्याला नेमकें उमजलें. आपण बरे झालों याबद्दल देवाचे आभार मानून घरीं बसणारे पुष्कळ असतात. हा मुलगा त्या न पाहिलेल्या दात्यांचें देणें फेडावयास निघाला.

१४ महिने त्यानें सराव केला. १९७९ सालीं प्रिन्स जॉर्ज या गांवीं तो एका शर्यतींत धांवला आणि सर्वांच्या शेवटीं आला. नंतरच त्यानें मनांतला बेत घरांत सांगितला: सारा कॅनडा देश या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवावयाचा. आईला तो मुळींच पसंत पडला नाहीं. कोणत्या आईला पडला असता? तरी अखेरीस घर त्याच्या पाठीशीं उभें राहिलें. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें त्यानें कृत्रिम पाय अटलांटिक महासागरांत बुडविला आणि धांवावयास आरंभ केला. रोज सुमारें ४२ किलोमीटर. सोबत एक मित्र व्हॅन हांकणारा. या मित्राचें व त्याचें वाटेंत इतकें बिनसलें कीं, नोव्हा स्कोशिया येईतों दोघांचें बोलणें जवळजवळ बंद झालें. तेव्हां टेरीच्या १७ वर्षांच्या धाकट्या भावाला मध्यें सांधा म्हणून पाठवावें लागलें. थोर कार्यांतही अबोला असतोच, आणि तो मोडावयास धाकटें भावंडच लागतें, हें वाचून मला त्या मुलाविषयीं अधिकच आपलेपणा वाटला.

प्रारंभीं त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पण पोर्ट ओ बास्क या सुमारें १० हजार वस्तीच्या गांवानें १० हजार डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या हातीं ठेवली, आणि त्यावरून पुढें त्याची मागणी ठरली: देशांतील प्रत्येक माणसानें एक डॉलर द्यावा. कॅनडाची वस्ती तेव्हां २ कोटी ४० लाख होती. १ सप्टेंबर १९८० रोजीं, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर तोडल्यावर, थंडर बे या शहराजवळ तो थांबला. रोग फुप्फुसांत उतरला होता. पुढच्या फेब्रुवारींत २ कोटी ४० लाखांचा आंकडा पुरा झाला. २८ जून १९८१ रोजीं टेरी वारला. तेविसावें वर्ष पुरें होण्यास एक महिना होता.

त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला त्याच्या नांवाची पहिली दौड निघाली. तींत ३ लाख माणसें आलीं आणि ३५ लाख डॉलर जमले. तेव्हांपासून ती दरवर्षीं निघते. अनेक देशांत, आणि आपल्याकडे मुंबई व चेन्नई येथेंही ती भरलेली आहे. आजवर जमलेली रक्कम ८५ कोटी कॅनेडियन डॉलरांच्या वर आहे. ह्या दौडीचे नियम मला फार आवडतात. प्रवेशाची फी नाहीं. कमींत कमी इतके द्यावे अशी अट नाहीं. पहिला, दुसरा, तिसरा हा प्रकार नाहीं; वेळ कोणी मोजीत नाहीं. कोणत्याही व्यापारी मालाची जाहिरात नाहीं, कारण टेरीनें जिवंतपणींच असल्या साऱ्यांना नकार दिला होता. धांवा, चाला, मुलाला बाबागाडींत घालून ढकला, आजीला चाकांच्या खुर्चींत बसवून न्या. ज्या दौडींत कोणी जिंकत नाहीं, तींतच सारें घर मावतें. शर्यत म्हटली कीं घरांतला एक तरुण धांवणार आणि बाकीचे टाळ्या वाजविणार; आपल्याकडे आधींच टाळ्या वाजविणारे पुष्कळ झाले आहेत.

सारें घर मावतें याचा अर्थ काय, तो मीं गेल्या सप्टेंबरांत डोळ्यांनीं पाहिला. माझे थोरले दीर टोरोंटोजवळ मुलापाशीं असतात, वय ८१. आम्ही उभयतां दोन महिन्यांकरितां तेथें गेलों होतों. नऊ वर्षांची नात शाळेंतून एक चिकटवावयाची पट्टी घेऊन आली. तीवर "मी अमुकसाठीं धांवतें" अशा अर्थाचें वाक्य छापलेलें असून नांवाची जागा मोकळी होती. रात्रीं पानें वाढलीं होतीं. ती म्हणाली, "आजोबा, आपल्या घरांत कॅन्सर कोणाला झाला होता?"

माझ्या मोठ्या जाऊबाई १९९१ सालीं पुण्यास वारल्या, त्या छातीच्या कॅन्सरनें. त्या वेळीं घरांत तो शब्द कोणी उच्चारीत नसे. "दुखणें", "गांठ", फार झालें तर "तो रोग". त्या काळच्या घरांची रीतच तशी होती. नांव घेतलें कीं रोग घरांत शिरतो, असें जणूं सर्वांनीं धरून ठेवलेलें. पुतण्या तेव्हां दहा वर्षांचा, त्याची बहीण सहा वर्षांची. मुलांना कावीळ म्हणून सांगितलें होतें. पुढें पुतण्याला इकडून तिकडून कळलें. परंतु बापाच्या तोंडून त्यानें तें कधीं ऐकलें नव्हतें.

सूनबाई मुलीला म्हणाली, "आधीं जेव पाहूं." पण भावोजींनीं हातांतला घांस ताटांत ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या आजीला झाला होता."

"कुठें?"

"छातींत. गांठ होती. तिनें सात महिने कोणाला सांगितलें नाहीं. लाजेनें."

पुतण्या मान खालीं घालून बसला. मुलीला त्या शांततेचें कांहींच ओझें नव्हतें. ती पेन्सिल घेऊन आली आणि म्हणाली, "आजीचें नांव सांगा." भावोजी क्षणभर घुटमळले. त्यांनीं विचारलें, "माहेरचें कीं सासरचें?" तिला हा प्रश्नच कळला नाहीं. मग त्यांनीं दोन्ही नांवें सांगितलीं, आणि पट्टी अपुरी पडली म्हणून तिनें माहेरचें नांव वर, सासरचें खालीं, असें बारीक अक्षरांत लिहिलें. माझ्या जाऊबाईंचें माहेरचें नांव मीं इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलें.

रविवारीं सकाळीं आम्ही सारीं गेलों. पुतण्या पांच किलोमीटर धांवला. सूनबाई व मी चाललों. भावोजी काठी घेऊन एक किलोमीटर चालले आणि नंतर बांकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पट्ट्या वाचीत राहिले. कोणी "आई" लिहिलें होतें, कोणी "माझे शिक्षक", एका तरुण बाईच्या पट्टीवर नुसतें "मी" होतें.

पण खरें काम झालें तें त्या रात्रींच जेवणानंतर. पुतण्यानें पुण्यास बहिणीला फोन लावून दिला आणि भावोजी स्वतः तिच्याशीं बोलले. ती आज चाळिशींत आहे. मागें एकदां तपासणीच्या वेळीं "आईला किंवा मावशीला हा रोग होता काय?" या प्रश्नापुढें तिनें "ठाऊक नाहीं" असें लिहून दिलें होतें. आई चाळिशींतच या रोगानें गेली असेल, तर मुलीनें अधिक जपावें लागतें आणि तपासण्या लवकर सुरू कराव्या लागतात, हें आतां सर्वमान्य आहे. ती तपासून आली. कांहीं निघालें नाहीं. आतां ती दरवर्षीं जाते. त्या घरानें दौडीला किती डॉलर दिले हें मीं विचारलें नाहीं. एवढी एक ओळ बदलली, ती मात्र मीं जमेस धरतें.

आतां पुन्हां मामंजींच्या आक्षेपाकडे. संशोधन म्हटलें कीं आपल्याला तें कोणा परक्यांचें, दूरदेशींचें काम वाटतें. तसें तें नाहीं. कॅन्सरवरच्या औषधांत मेथोट्रेक्सेट हें एक जुनें व आजही वापरांत असलेलें औषध आहे. हाडाच्या ज्या कॅन्सरनें टेरी गेला, त्याच्यावरही १९७० नंतर तें मोठ्या मात्रेनें देऊं लागले. हें औषध व त्याचें भावंड अमिनोप्टेरिन ज्या मंडळींनीं अमेरिकेंत तयार केलें, त्यांचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रांतल्या भीमवरमला १८९५ सालीं जन्मलेले. १९४८ सालीं बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कॅन्सरनें मरणोन्मुख झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. कांहीं मुलें कांहीं काळ तरी उठून खेळूं लागलीं होतीं. त्याच वर्षीं सुब्बाराव वारले. आज त्या रोगाचीं बहुसंख्य मुलें वैद्यकाच्या दृष्टीनें प्रगत अशा देशांत बरीं होतात. हाडाच्या कॅन्सरांतही आतां बहुतेकांचा पाय वांचवितां येतो.

आणि मुंबईच घ्या. मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कॅन्सरनें वारल्या. त्या दुःखांतून उभें राहिलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळास उघडलें. तेथील प्रयोगशाळेंत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं आपल्याच लोकांच्या संवयींचा शोध घेतला. तंबाखू व चुना यांनीं होणारा तोंडाचा व्रण तर त्यांनीं अभ्यासिलाच, पण वर्षानुवर्षें कमरेला धोतर घट्ट कसल्यानें कातडीला होणारा कॅन्सरही त्यांनीं १९४५ सालीं जगापुढें मांडला. हें मामंजींस अवश्य सांगावें. दूरदेशींच्या विद्वानाला धोतराची गांठ कोठून सुचणार? त्यांच्याच हाताखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविणाऱ्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं छातीच्या कॅन्सरचा व आनुवंशिकतेचा संबंध उंदरांवर तपासण्यांत वर्षें घालविलीं. माझ्या पुतणीच्या कागदावरचा तो प्रश्न अशाच देशोदेशींच्या कामांतून आलेला आहे.

संशोधन महागच असतें, असेंही नाहीं. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीं मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना शिकवून, व्हिनेगरमध्यें असतें तें सौम्य आम्ल लावून, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्यांच्याकडून करविली. २०१३ सालीं निष्कर्ष जाहीर झाला: ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली, तेथें या कॅन्सरानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. औषधाची किंमत जवळजवळ नाहींच. किंमत होती ती इतकीं वर्षें चिकाटीनें मोजदाद ठेवण्याची. गरीब रोग्याला दिलेल्या पैशानें एक रोगी उभा राहतो, आणि तें थोर काम आहे. परंतु कोणती तपासणी खरोखर उपयोगी पडते हें ठरविण्यासाठीं लागणारा पैसा कोणाच्याच दारीं हात पसरून येत नाहीं. तो कोणी मागितल्याशिवाय द्यावा लागतो.

मामंजींच्या पहिल्या आक्षेपाला तर अलीकडे गमतीचेंच उत्तर मिळालें आहे. मोठ्या आंतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया व औषधें पुरीं झालेल्या ८८९ रोग्यांचा एक अभ्यास कॅनडांतील मंडळींच्या पुढाकारानें झाला. निम्म्या रोग्यांना तीन वर्षें देखरेखीखालीं नियमित व्यायाम करावयास लाविलें, निम्म्यांना माहितीचें पुस्तक दिलें. व्यायाम म्हणजे पुष्कळांच्या बाबतींत भरभर चालणेंच. २०२५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पांच वर्षांनंतर रोग न उलटतां राहिलेले रोगी व्यायामवाल्यांत शंभरांत सुमारें ८०, दुसऱ्यांत ७४. आठ वर्षांनीं हयात असलेले अनुक्रमें ९० व ८३. धांवल्यानें रोग बरा होतो असें यावरून कोणी म्हणूं नये. उपचारांवाचून नुसतें चालून कांहीं साधणार नाहीं. पण मामंजींनीं ऐकलें नव्हतें, तें आतां थोडेंसें ऐकावयास मिळेल. या अभ्यासाला पैसा देणाऱ्यांत कॅनेडियन कॅन्सर सोसायटी होती. १९७९ सालीं टेरीनें आपला बेत पत्रानें कळविला तो याच संस्थेला.

तेव्हां माझें मत विचाराल तर, सर्वांनीं जावें. मात्र जाण्यापूर्वीं दौड भरविणाऱ्यांना पत्र टाकून विचारावें कीं, जमलेल्या पैशांतून मांडव, सदरे व पदकें यांवर किती जातात, आणि उरलेले रोग्यांच्या उपचारास जातात कीं संशोधनास. दोन्ही चांगलीं, पण दोन्ही एक नव्हेत. उत्तर मोघम आलें तर ती दौड सोडावी, आणि तेवढाच पैसा थेट एखाद्या संशोधनसंस्थेस पाठवून आपल्याच वस्तींत घरच्या घरीं चालून यावें. मुंबईस दर जानेवारींत जी मोठी मॅरेथॉन २००४ पासून होते, तींत धांवणारा आपल्या पसंतीच्या संस्थेसाठीं ओळखीच्यांकडून पैसा गोळा करूं शकतो. ती आहे शर्यत, आणि तिथें जाहिरातींची गर्दी डोळ्यांत भरते. तरी तिच्यांतही न जिंकतां चालणाऱ्यांसाठीं वेगळी लहान फेरी असते. मामंजींनीं गरीब रोग्याला देण्याचे ठरविलेले पैसे या कारणानें कमी करूं नयेत. दौडीचे पैसे बाकीच्या दहा जणांनीं काढावे; लहानांनींही खाऊच्या पैशांतून.

घरांत किंवा नात्यांत सध्यां कोणाचे उपचार चालू असतील, तर त्यांचें नांव घालण्यापूर्वीं त्यांना विचारावें. कांहींना तें आवडतें, कांहींना नाहीं. साठीच्या पुढच्यांनीं डॉक्टरला छाती दाखवून घ्यावी. साडीखालीं चपला नकोत, कापडी बूट घालावे. दोन दिवस आधीं घरांतल्या घरांत वापरावे, नाहीं तर टांच सोलते. आपल्या पत्रांत आजेसासूबाईंचा उल्लेख आहे, वय लिहिलेलें नाहीं. त्या येणार असतील तर रस्ता सपाट आहे काय, आणि चाकांची खुर्ची आंत घेऊं देतात काय, हें त्याच पत्रांत विचारून ठेवावें.